सासरा पहिल्या धड्यात येतो

माझे इवाई वायफायची लाईन पायी चालतात.

थट्टा नाही करत. प्रिंटर बंद पडला की ते पायात रबरी चपला घालतात, खिशात टेस्टर खोचतात, डाव्या हातात स्टीलचा लांबडा टॉर्च धरतात आणि लॅपटॉपपासून निघतात. जेवायच्या टेबलावरून मधल्या खोलीत, तिथून धानाच्या पोत्यांच्या कडेनं खिडकीतल्या राउटरपर्यंत, आणि राउटरपासून ओसरीतल्या प्रिंटरपर्यंत. मध्येच थांबून भिंतीला उजवा तळहात लावतात, मान वर करून बघतात. वर काही नसतं. फार तर पाल असते.

"अजी इवाई," पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी विचारलं, "वायरच नाही, तर तुम्ही पाहून काय राहिले?"

"तार नाही म्हणून का लाईन नसते?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच येडा. "लाईन ते लाईनच असते जी. पायी चालल्याबिगर फॉल्ट घावत नाही."

इवाई म्हणजे व्याही. तिकडचे लोक व्याही म्हणतात, आम्ही भंडाऱ्याकडचे इवाई म्हणतो. यांचं नाव शालिकराम, गाव सिहोरा, आणि उभा जन्म लाईनमनकीत गेला. माझी एकुलती एक गुड्डी चार वर्षांपूर्वी त्यांच्या पोराला दिली. आता दुसरी गोष्टही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की मास्तरानं लपवलं. मी या माणसावर जळतो. साधासुधा नाही, चांगला धूर निघेपर्यंत जळतो.

कारण ऐका. साकोलीत तीस वर्षं माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. अर्ध्या तालुक्याच्या कचेऱ्यांतली बोटं मी घडवलेली आहेत. यंत्र, कागद आणि अक्षर यांत कुठं काही अडलं की साकोलीतले लोक माझ्याकडं यायचे. गुड्डी तर माझ्या यंत्रांच्या खडखडाटातच वाढली. पाळण्यात असताना यंत्रं थांबली की ती रडायची. अशा मुलीचा प्रिंटर अडला तर तिनं फोन कोणाला करावा? बापाला. आणि ती सांगते काय?

"बाबा, प्रिंटर बंद होता, पण मामाजींनी केला सुरू. मामाजी म्हणत होते की लाईन ट्रिप झाली होती. मामाजींनी ना..."

आमच्याकडं सून सासऱ्याला मामाजी म्हणते. एका रविवारच्या फोनमध्ये मी मोजलं. अकरा वेळा मामाजी. फोन ठेवला आणि गुड्डीच्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "पोरीचा सासरा चांगला निघाला म्हणून लोक देवाले नारळ फोडतात, अन तुमचं पोट दुखून राहिलं!" दुखत होतं, हे खरं आहे.

इवायांचा पहिला अपराध लॅपटॉपचा. लग्नात आंदण म्हणून मी गुड्डीला लॅपटॉप दिला होता. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिला टाइप करायला लागतं. दोन वर्षांत तो हळू चालायला लागला. मला सांगितलं असतं तर मी बघितलं नसतं का? पण नाही. इवायांनी सबस्टेशनवरच्या कोण्या तरण्या साहेबाकडून पेनड्राईव्ह आणला आणि माझ्या आंदणातलं सगळं पुसून त्यात लिनक्स बसवलं. लॅपटॉप लावला की पांढऱ्या पोटाचा पक्षी यायला लागला. तो पेंग्विन. इवाई त्याला बदक म्हणतात.

"हे बदक इमानी हाय," ते मला समजावून सांगायचे. "आधीचं कोणालेही लाईनीत हात घालू द्यायचं. हे पहिले परमिट मागते."

परमिट हा इवायांचा जीव की प्राण. लाईनवर चढायच्या आधी लाईनमन परमिट घेतो, म्हणजे लाईन बंद केल्याची चिठ्ठी. काम झालं की ज्यानं घेतलं त्यानंच जाऊन ते वापस करायचं. त्याच्याशिवाय लाईन चालू करायची नाही, मग गाव अंधारात राहो की मंत्री जेवायला बसो. लिनक्सचंही तसंच निघालं. काही मोठा बदल करायचा असला की ते आधी पासवर्ड मागतं. इवायांना यात अख्खं वीजखातं दिसलं.

त्यामुळं त्यांच्या घरात प्रिंटरचं काम निघालं की आधी शाळेच्या वहीत परमिट लिहिलं जातं. नंबर, तारीख, कोणती लाईन, कोणी दिलं. मग ते हाक मारतात, "गुड्डी, परमिट दे!" पोरगी पोळ्या टाकून येते आणि पासवर्ड टाकते. तेवढा वेळ हा माणूस भिंतीकडं तोंड करून उभा. पासवर्ड त्यांना सांगितला तरी ते ऐकत नाहीत, कान झाकतात. "देणारा अलग, घेणारा अलग. एकानंच दोन्ही केलं की माणूस मरते," असं म्हणतात. प्रिंटरवर पत्र्याची पाटी लटकते: 'सावधान, लाईनवर माणूस काम करीत आहे.' आणि सगळं झालं की ताठ उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "लाईनीवर माणूस नाही, सामान नाही, अर्थिंग काढली. परमिट वापस!" एवढी वरात काय, तर दोन कागद छापायचे होते.

दुसरा नाद नंबरांचा. लाईनमन खांबांना नंबर टाकतात, पिवळा पट्टा आणि त्यावर काळा आकडा. नोकरी सुटली पण रंगाचा डबा सुटला नाही. यांच्या घरात फ्रीज सि-४ आहे, सि म्हणजे सिहोरा, कपाट सि-५ आहे, दारातला पेरूही सुटलेला नाही. एकदा मी दुपारी घटकाभर पडलो आणि उठून बघतो तर माझ्या नव्या बॅगेवर पिवळा पट्टा! त्यावर काळ्या अक्षरांत 'पाहुणा-१'. मुलीचा बाप काय बोलणार? पण साकोलीच्या स्टँडवर ती बॅग मी पोटाशी धरून उभा राहायचो.

आणि तो टॉर्च! भर दुपारी हातात टॉर्च. गुड्डीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती तेव्हाही यांच्या डाव्या हातात टॉर्च होता. आमच्या एका मेव्हण्यानं विचारलंसुद्धा, "इवायाले कमी दिसते का जी?" मी म्हटलं, मिरवायचं असेल. जळणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

तर यंदा दिवाळीनंतर एका रविवारी गुड्डीचा फोन आला, आणि त्यात मामाजी अगदी कमी आले. मी कान टवकारले.

"प्रिंटर बंद आहे, बाबा. आठ दिवस झाले. मामाजींनाही जमून नाही राहिलं."

"अरेरे," मी म्हटलं. मनातल्या मनात पेढे वाटून झाले होते.

आता खरं सांगायचं तर मी तयारीत होतो. घरच्या जुन्या कंप्युटरवर मीही गुपचूप ते बदक बसवून घेतलं होतं. तीन आठवडे वही करून अभ्यास केला होता. लिनक्समध्ये प्रिंटर कसा जोडतात, कुठं बघायचं, काय बिघडतं, सगळं सुवाच्य अक्षरात. गुड्डीची आई म्हणाली, "या वयात इवायाशी कायची कुस्ती खेळता?" मी वही त्या 'पाहुणा-१' मध्ये टाकली आणि सकाळची पहिली बस धरली. साकोलीहून तुमसर, तुमसरहून सिहोरा. दोन्ही बसमध्ये उभ्यानं गेलो, पण त्या दिवशी मला ते काही वाटलं नाही.

पोचलो तेव्हा गुड्डी शाळेला निघत होती. "बरं झालं आलात बाबा. उद्या चाचणी आहे, चाळीस प्रश्नपत्रिका पाहिजेत. पाचला मी येते. तोवर नाही झालं तर तुमसरला जावं लागेल छापायला." मग ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "परमिट तुम्हीच द्या. पासवर्ड म्हणजे तुमचा इंग्रजीचा पहिला धडा आहे."

ए एस डी एफ जी एफ. तीस वर्षं मी ज्याच्या तालावर टेबलावर पट्टी आपटली, तो माझ्या पोरीचा पासवर्ड! इवायांना आजपर्यंत न मिळालेली चीज मला न मागता मिळाली. त्या घटकेला मला सिहोऱ्याची पाटीलकी दिली असती तरी मी नको म्हटलं असतं.

इवाई ओसरीत बसले होते. जरा उतरलेले दिसले. "या इवाई," ते म्हणाले, "आठ दिवसांपासून लाईन चालून राहिलो. फॉल्ट घावतच नाही. धानाची पोती लाईन पितेत म्हणून चौदा पोती ओसरीत सरकवली. कंबर धरली, पण प्रिंटर काही बोलत नाही."

"बघू ना," मी म्हटलं, जसा डॉक्टर म्हणतो.

ते पुन्हा चपला घालून निघाले. मी काही निघालो नाही. मी लॅपटॉपसमोर खुर्ची ओढली आणि वाचायला लागलो. आयुष्यभर मी एकच काम केलं आहे, लोकांच्या चुका वाचल्या. यंत्र ठोकून बघणं, हलवून बघणं मला येत नाही. पण कागदावर काय आहे ते मी अक्षर न् अक्षर वाचतो.

यादीत प्रिंटर एकच होता, सि-७. त्याच्यापुढं लिहिलेलं होतं, 'थांबवलेला'. खाली पत्ता. घरातल्या वायफायवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता मिळतो, आकड्यांचा. या पत्त्याच्या शेवटी पाच होता. मी उठून ओसरीत गेलो. प्रिंटरच्या कपाळावर पिवळा पट्टा, त्यावर सि-७ आणि खाली पत्त्याचा ठळक काळा ५. जुळत होतं. मी मान हलवून परत फिरणार, तेवढ्यात प्रिंटरची चिमुकली काच दिसली. वहीत मी लिहिलं होतं की तिथंही पत्ता दिसतो. बटणं दाबून तो काढला. शेवटी नऊ होता.

"इवाई," मी हाक मारली, "मागं आठ दिवसांपूर्वी लाईट गेली होती का?"

"गेली होती ना जी. दिवसभर नव्हती."

"मग लाईट आल्यावर राउटरनं सगळ्यांना नवे नंबर वाटले. प्रिंटरला नऊ मिळाला. लॅपटॉप अजून पाचच्या दारात जाऊन उभा आहे. तिथं कोणी राहतच नाही."

इवाई टॉर्च धरून तसेच उभे राहिले. "नंबर बदलला? खांब इथंच अन नंबर बदलला?" त्यांनी काचेतला नऊ बघितला, मग आपल्या हातानं रंगवलेला पाच बघितला. "म्या रोज पट्टाच पाहत होतो जी. काचेत कायले पाहू? नंबर तं म्याच टाकला होता."

सांगू काय तुम्हाला, अशी गार हवा लागली माझ्या काळजाला! ज्या माणसानं माझ्या बॅगेलाही नंबर टाकायचं सोडलं नाही, त्याला नंबरानंच पाडलं. मी मोठ्या मनानं म्हटलं, "होते इवाई, होते असं कधी कधी," आणि आवाजात जेवढी दया घालता येईल तेवढी घातली.

मग रीतसर परमिट लिहिलं गेलं. 'परमिट देणार' या रकान्यात पहिल्यांदा माझं नाव आलं. इवाई भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी बाह्या सावरल्या, आणि न बघता, दहा बोटांनी, पहिला धडा वाजवला. पाचाच्या जागी नऊ केला. 'थांबवलेला' होता तो 'चालू' केला.

ओसरीत प्रिंटर खोकला, कुरकुरला आणि कागद टाकायला लागला.

"आला! जीव आला!" मी ओरडलो. पण मी अजून प्रश्नपत्रिका पाठवलीच नव्हती. मग हा छापतोय काय? एक कागद पडला, दुसरा पडला, तिसरा. थांबायचं नाव नाही. वहीत मी हेही लिहिलं होतं: प्रिंटर बंद असताना पाठवलेले कागद कुठं जात नाहीत, रांगेत बसून राहतात. वाट मोकळी झाली की सगळे बाहेर.

इवाई ओसरीत धावले, मागोमाग मीही. या वयाचा माणूस असा धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. "बंद करा! लाईन बंद करा जी!" टॉर्च खाली पडला, गडगडत पोत्यांखाली गेला. ते दोन्ही हातांनी कागद गोळा करायला लागले, पण प्रिंटर त्यांच्यापेक्षा चपळ होता. एक कागद सरकत माझ्या पायाशी आला. मी उचलला.

सासरा सासरा सासरा सासरा सासरा.

वरपासून खालपर्यंत, ओळीच्या ओळी. दुसरा कागद, त्यावरही सासरा. तिसऱ्यावरही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, बघा, हा माणूस रोज बसून छापतो की मी सासरा, मी सासरा! पोरगी माझ्या घरात आहे, हे काय कागदावर मिरवायचं असतं?

आणि मग माझ्यातला मास्तर जागा झाला. मराठी टायपिंगचा माझा पहिला धडा काय होता? मधली ओळ. स, काना, र. उजव्या हाताची तीन बोटं, सगळी एकाच ओळीत. सराव करायला सगळ्यांत सोपा शब्द मी पोरांना द्यायचो तो हाच, सासरा. मुली लाजायच्या, मुलं हसायची. बाबा पहिल्या धड्यात येत नाही. ब खालच्या ओळीत असतो, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. तो तिसऱ्या धड्यात येतो.

माझ्या हातात आणखी एक कागद होता. त्यावर अक्षरं नव्हती. ठिपक्याठिपक्यांचा रिकामा गोल आणि त्याच्यापुढं काना, पुन्हा रिकामा गोल आणि काना. पानभर तेच. कंप्युटरवर अक्षर न मारता नुसता काना मारला की तो असा गोल दाखवतो, म्हणजे इथं कोणी तरी यायचं राहिलं आहे.

मी चूक बघून बोट ओळखतो. तीस वर्षांत माझा धंदाच तो होता. पानावर रुमाल टाका, पोराचं तोंडही दाखवू नका, नुसत्या चुका द्या, मी सांगतो कुठलं बोट कच्चं आहे. हा कागद सांगत होता की काना मारणारं उजवं बोट पक्कं आहे, आणि डावं मधलं बोट पोचतच नाही. एकदाही नाही.

मी मान वर केली. इवाई कागद छातीशी धरून उभे होते. टॉर्च पोत्यांखाली होता, त्यामुळं डावा हात पहिल्यांदा मोकळा दिसला. मधलं आणि त्याच्या शेजारचं, दोन बोटं आकड्यासारखी वळलेली होती. टॉर्चच्या दांड्याभोवती बसतील अशी.

चार वर्षं. लग्न लावलं, पंगतीला शेजारी बसलो, दिवाळ्या झाल्या. मी लोकांच्या बोटांवर पोट भरलेला माणूस, आणि मला इवायांचा हात दिसला नव्हता. जळण्यातून सवड मिळाली असती तर दिसला असता.

"केव्हा?" मी विचारलं.

"जुनी गोष्ट हाय," ते म्हणाले. "म्या खांबावरच होतो. परमिट वापस नव्हतं केलं, कोणीतरी लाईन चालू केली." कोणी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "हात वाचला, दोन बोटं मेली. आता त्याच्यात जान नाही."

मी पोत्यांखालून टॉर्च काढून त्यांना दिला. ते ओसरीच्या पायरीवर बसले, मीही बसलो. प्रिंटर मागं अजून कागद टाकतच होता. कोणी उठलं नाही.

"टायपिंग कायले शिकून राहिले, इवाई?"

त्यांनी टॉर्च मांडीवर ठेवला. मग चपलेकडं बघत म्हणाले, "गुड्डी तुमच्याशी फोनवर बोलते ना जी. म्या इथं बसून ऐकतो. बाबा असं, बाबा तसं. एका फोनमधी चवदा डाव बाबा म्हणते. म्या मोजलं."

म्हणजे तिकडं मी अकरा मोजत होतो, आणि इकडं हे चौदा.

"मले कोणी म्हटलं नाही जी, बाबा. पोरगा भाऊ म्हणते, घरात सगळे भाऊ म्हणत, तं तोही तेच शिकला. त्याची माय गेली तईपासून तं तो भाऊ बी दिवसातून एक डाव म्हणते. सून मामाजी म्हणते. चांगलं म्हणते, जीव लावते, माही काही तक्रार नाही. पण म्हटलं, निदान छापून पाहू कसं दिसते. ती शाळेत गेली का बसायचो. टेस्ट म्हणून एकेक कागद धाडायचो, म्हटलं प्रिंटर तं मेला हाय, कोण पाहते?" ते ओशाळून हसले. "पण माह्या हातानं सासराच येते, इवाई. बाबा येतच नाही."

"मग दुसऱ्या बोटानं मारायचा होता ना ब! उजव्या हाताचं बोट न्यायचं तिकडं, कोण धरणार होतं तुम्हाला?"

"असं कसं?" त्यांना खरंच धक्का बसला. "गुड्डीनं सांगितलं होतं मले. माह्या बाबांचा नियम हाय म्हणे. ज्या बोटाची चावी त्याच बोटानं मारायची. दुसऱ्या बोटानं मारला तं तो शब्द आपला नाही, चोरीचा. तुमचा नियम हाय ना जी. मोडू कसा?"

हा नियम माझाच. इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेला होता. त्यासाठी मी पोरांच्या बोटांवर पट्टी मारली आहे. आणि हा माणूस त्या नियमापायी आठ दिवस मेलेलं बोट 'ब'च्या चावीवर दाबत बसला होता, घरात बघायला चिटपाखरू नसताना. माझे डोळे भरून आले. आमच्या दोघांच्या नशिबानं ते प्रिंटरकडं बघत होते.

मी उठलो आणि त्यांची परमिटची वही घेतली. नवं पान काढलं. नंबर टाकला, तारीख टाकली. लाईन: 'ब'. पुढं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सदर चावी उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने मारण्यास परवानगी आहे.' परमिट देणार म्हणून खाली सही ठोकली आणि इन्स्टिट्यूटचं नावही घातलं. ती बंद होऊन सहा वर्षं झाली, पण सहीला वजन पाहिजे.

इवायांनी ते दोनदा वाचलं. मग टेबलाशी जाऊन खुर्चीत ताठ बसले. उजवा हात उचलून डावीकडं नेला, 'ब'वर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मारा," मी म्हटलं.

ब. काना. ब. काना. एवढ्या चार चाव्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझ्या पोरांनी अर्ज टाइप केला असता. मी घड्याळ बघितलं नाही. कागद बाहेर आला. वरती डाव्या कोपऱ्यात एकच शब्द. इवायांनी तो टॉर्चच्या उजेडात बघितला, दुपारी अडीचला.

"दिसते बरा," ते म्हणाले. मग त्यांना नियम आठवला. उठून ताठ उभे राहिले. "लाईनीवर माणूस नाही, सामान नाही..." आणि अडखळले. "हे परमिट वापस कधी करू, इवाई?"

"हे वापस करायचं नसते," मी म्हटलं.

प्रश्नपत्रिका आम्ही चारच्या आत छापल्या. चाळीसच्या चाळीस. ते कागद मोजून लावत होते, मी चुका बघत होतो. एक सापडली, ती गुड्डीची. तिच्या पहिल्या ओळीतच वेलांटी चुकली होती. कोणाच्या हाताखाली शिकली म्हणून विचारू नका.

पाचला गुड्डी आली. चपला काढायच्या आधीच तिनं ओसरीतला गठ्ठा बघितला आणि तोंडभर हसली. "झाला सुरू? कोणी केला?"

या प्रश्नासाठी मी तीन आठवडे वही लिहिली होती. दोन बस उभ्यानं काढल्या होत्या. उत्तर जिभेवर होतं. इवाई तोंड उघडत होते, "तुह्या बाबानं..." तेवढ्यात मी मध्ये पडलो. "इवायांनी," मी म्हटलं. "मी काय, नुसतं परमिट दिलं."

"मला माहीतच होतं!" गुड्डी म्हणाली. "बाबा, तुम्हाला सांगते, मामाजींशिवाय हे कोणाला जमणारच नाही!"

बघा! अशी ही दुनिया. आतून असा चटका बसला की काय सांगू. मोठं मन एकदा दाखवून झालं, पण ते किती वेळ टिकवायचं याचा धडा मला कोणी दिलेला नाही. चहा गिळला, बशी ठेवली आणि बस सुटते म्हणून उठलो. इवाई निरोप द्यायला दारात नव्हते. मागच्या अंगणात काहीतरी करत होते, बॅग मी घेऊन येतो म्हणून तिथूनच ओरडले. मी बसमध्ये बसलो, आणि शेवटच्या क्षणी ते माझी बॅग घेऊन घाईघाईनं आले, स्वतः बसमध्ये चढले, बॅग माझ्या मांडीवर ठेवली आणि उतरले.

तुमसर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत जळत होतो. धान कापून झालेली शेतं, तलावाची पाळ, सगळ्यांवर जळत होतो. मग हाताला काही चिकट लागलं म्हणून खाली बघितलं. बॅगेवर ताजा पिवळा पट्टा होता. 'पाहुणा' पुसून गेला होता. त्या जागी काळ्या, जरा तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बाबा-१'.

रंग ओलाच होता. पँटला लागला तो अजून निघालेला नाही. गुड्डीची आई म्हणते, रॉकेल लावून बघा. मी लावत नाही.